यंत्रात दोष नाही

ते पत्र मीच लिहिलं होतं. त्यामुळे आधी स्वतःलाच झोडून घेते, मग बाकीच्यांकडे वळते.

सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं वर्कशॉप आहे. आवाजाची यंत्रं दुरुस्त करते आणि एक यंत्र स्वतः बनवते. पुस्तकाएवढी पत्र्याची पेटी. एका बाजूला माइक लावायचा, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडायची. माइकमधला आवाज पेटी मोजते आणि लॅपटॉपला देते. लॅपटॉपमधलं गाणं पेटीच्या हेडफोनमधून ऐकताही येतं. मोडनिंबहून आलेली बाई असलं काही बनवते म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतात. कोणी नसतो. मग नाइलाजाने माझ्याशीच बोलतात.

अशीच एक पेटी इथल्या एका संगीत विद्यालयाने घेतली होती. तिथे गाणं शिकवणारे सुबोध सर ऑनलाइन धडे तयार करत होते. गाणं झालं, हार्मोनियम झाली, मग पखवाजाची पाळी आली. पखवाज शिकवायला एकच बाई, दुर्गाबाई गुरव. वय चौसष्ट, विद्यालयात एकतीस वर्षं. होटगीच्या देवळात त्यांच्या घराण्याची सेवा. वडील देवापुढे पखवाज वाजवायचे आणि मुलीला शेजारी बसवायचे. मुलीच्या जातीने पखवाज कशाला धरायचा, असं गावातले चारजण म्हणाले, तेव्हा वडिलांनी पखवाज उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, मग तुम्ही धरा. मुलगी शिकत राहिली.

बुधवारी सुबोध सर पेनड्राइव्ह घेऊन आले. चाळीस मिनिटांचा धडा होता, चौताल, सोबत लेहरा. लेहरा म्हणजे हार्मोनियमवरची एक छोटी सुरावट, तीच तीच फिरत राहते. वाजवणाऱ्याने कानाला हेडफोन लावून ती ऐकायची आणि तिच्यावर वाजवायचं. प्रत्येक फेऱ्याचा पहिला ठोका म्हणजे सम, आणि समेवर दोघांनी एकत्र यायचंच यायचं. माइकमध्ये नुसता पखवाज येतो. मग कॉम्प्युटरवर त्याच्याखाली तोच लेहरा अंथरायचा, की झाला धडा तयार.

सुरुवातीला सगळं छान होतं. दहा मिनिटांनी पखवाज किंचित मागे वाटायला लागला. शेवटी तर लेहरा समेवर येऊन जायचा आणि पखवाजाचा ठोका त्याच्यानंतर अर्ध्या सेकंदाने यायचा.

"वय झालं," सुबोध सर हळू आवाजात म्हणाले. "कसं सांगायचं त्यांना? त्या म्हणतात, मी सुटलेच नाही, यंत्र बघा. तुम्ही यंत्र बघा आणि दोन ओळी लिहून द्या, मॅडम. समितीपुढे ठेवतो."

माझ्या पेटीवर संशय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. पेटीला माइक लावला, टाळ्या वाजवल्या, रेकॉर्ड केल्या, परत ऐकल्या. सगळं बरोबर. दुकानाच्या छापील कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: "यंत्रात दोष नाही. वादकाची लय सुटलेली आहे." खाली सही, वर शिक्का. चौतालाच्या मात्रा किती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी एकतीस वर्षं वाजवणाऱ्या बाईची लय सुटली, हे मी शिक्का मारून सांगितलं. एवढा माज मला कुठून आला होता, देव जाणे.

शुक्रवारी दुपारी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. नऊवारी, पायात जाड चपला, हातात कापडी पिशवी. दारात उभं राहून त्यांनी आधी श्वास घेतला आणि मग माझ्या पत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"अंकिता तूच न्हवं? ह्ये तुजं अक्षर?"

"हो, बाई."

"अक्षर चांगलं हाय. दोनच शब्द चुकलेत. हाय तितं न्हाय, अन् न्हाय तितं हाय."

पत्राशेजारी त्यांनी एक छापील कार्ड ठेवलं. 'कृतज्ञता समारंभ, रविवारी सकाळी दहा वाजता. श्रीमती दुर्गाबाई गुरव यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप.' गुरुवारी समिती बसली, अर्ध्या तासात ठरलं आणि संध्याकाळपर्यंत कार्डं छापूनही झाली. पुढचे धडे मशीनच्या ठेक्यावर करायचे आणि पखवाजाचा वर्ग बंद.

"मला नारळ देत्यात," बाई म्हणाल्या. "खराखुरा. ताटात ठेवून, वर फूल लावून. एकतीस वर्षांत एक सम चुकली आसती तर मीच घरी बसले आसते, कुणाला कार्ड छापाया लावलं नसतं. लाव त्ये. मला ऐकव माजी चूक."

वाद घालायला मीही तयारच होते. लावलं. बाई डोळे मिटून बसल्या, उजवा हात मांडीवर, बोटं मात्रा मोजत होती. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "पुढं ने. धाव्या मिनिटाला." मग विसाव्या. मग तिसाव्या. मग डोळे उघडले.

"किती मागं हाय त्ये मोजता येतं का तुज्या मशीनवर?"

"येतं की."

मोजलं. दहाव्या मिनिटाला सेकंदाचा आठवा हिस्सा. विसाव्याला त्याच्या दुप्पट. तिसाव्याला तिप्पट. चाळिसाव्याला चौपट, म्हणजे बरोबर अर्धा सेकंद. आकडे कागदावर मांडून ठिपके जोडले, तर पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ आली.

"माणूस असा सुटतो व्हय?" बाईंनी विचारलं. "माणूस अडखळतो. बोट दुखलं की मागं पडतो, चेव आला की पुढं पळतो. विसाव्या मिनिटाला काय झालं ठावं हाय? डाव्या पुडीची कणीक सुटाया लागली. पखवाजाला डाव्या अंगाला कणीक लावत्यात, आवाज खाली याया. मी एक फेरा नुसत्या उजव्या हातानं काढला अन् डाव्यानं कणीक दाबली. तितं तरी ही तुजी रेघ वाकडी व्हायला पायजे हुती की. झाली का?"

मी विसावं मिनिट पुन्हा काढलं. डावा हात एक फेराभर खरंच गप्प होता. रेघ तसूभरही वाकडी झाली नव्हती.

"इतकं सारखं चुकायचं म्हंजे त्यालाबी लयच लागती की," बाई म्हणाल्या. "चाळीस मिनिटं एका मापानं चुकणारी बाई लई भारी म्हणायची मग!"

"बाई, वाजवताना लेहरा कशातून ऐकत होता? हेडफोन कुठे लावला होता?"

"लॅपटॉपला."

"पेटीला नाही?"

"पेटीतनं खरखर येत हुती. सुबोधनं तुला फोन केला. तू म्हणालीस म्हणं, लॅपटॉपला लावा की."

म्हणाले होते. हातात तापलेलं सोल्डर होतं, फोन खांद्यात धरला होता, आणि हेडफोनची पिन सैल असेल, नंतर बघू, तोवर लॅपटॉपला लावा की, असं मीच म्हणाले होते. माझ्याच तोंडाने. त्या 'की'सकट.

आता हे बाईंना समजावून सांगायचं होतं, आणि हे समजावताना मला स्वतःची लाज वाटत होती.

"बाई, लॅपटॉपच्या पोटात एक घड्याळ असतं. माझ्या पेटीच्या पोटात दुसरं. दोघंही सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करतात, पण लॅपटॉपचा सेकंद आणि पेटीचा सेकंद अगदी एकसारखा नसतो. माझ्या पेटीचं घड्याळ जरा पुढे पळतंय. आमच्या मोडनिंबच्या घरात ओसरीवरचं घड्याळ आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ सोमवारी जुळवली तरी शनिवारी भांडतात, तसंच हे."

"बरं, मग?"

"हेडफोन पेटीला लावला की भांडण मिटतं. कारण पेटी लॅपटॉपला सारखी सांगत असते, जरा कमी पाठव, आता जरा जास्त पाठव. लॅपटॉप ऐकतो. वाजतं ते आणि रेकॉर्ड होतं ते, दोन्ही एकाच घड्याळावर चालतं. ते सांगणं-ऐकणं मी स्वतः लिहिलंय, त्याला सहा महिने लागले मला. पण हेडफोन लॅपटॉपला लावला तर लेहरा पेटीतून जातच नाही. मग तिचं कोण ऐकणार?"

बाईंनी पेटीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे लेहरा वाजला एकाच्या घड्याळावर, अन् माजा हात मोजला दुसऱ्याच्या घड्याळावर."

"हो."

"ती दोगं एकमेकाची साथ करंनात, अन् सुटले मी."

टाळ्यांनी तपासलं होतं ना मी! टाळ्या एकाच घड्याळावर रेकॉर्ड केल्या आणि त्याच घड्याळावर ऐकल्या, त्या बरोबरच येणार. असली तपासणी कोणीही करेल, तिला इंजिनिअर कशाला लागतो?

मी नवा कोरा कागद ओढला. "लिहून देते. आत्ता."

"कागद नगं," बाईंनी माझा हात धरला. हात म्हणजे नुसतं पोलाद. "त्यांनी माजं ऐकून ठरवलं न्हाय, कागद वाचून ठरवलं. आता कागदावर दुसरा कागद ठेवून काय व्हतंय? त्यांना कानानं ऐकवायचं. माज्याबिगर. मी हातच लावणार न्हाय."

मग बेत ठरला. बेत त्यांचा, मी फक्त वायरी जोडणार होते.

तरी मी सुबोध सरांना फोन केला. माणूस वाईट नाही. पण अडचण आली की तिच्यावर चादर घालून पुढे जायचं, हा त्यांचा स्वभाव. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, कार्डं वाटली गेली. रविवार शांतपणे होऊ द्या. आणि विचार करा, नाव तुमच्याच पेटीचं खराब होईल. गावात कोण घेईल मग ती?"

"नको घेऊ दे," मी म्हणाले. "बाईंच्या नावावर माझी पेटी विकायची नाही मला. रविवारी तालमीची खोली तेवढी उघडी ठेवा."

ती त्यांनी ठेवली, एवढं त्यांच्या खात्यावर जमा.

रविवारी सकाळी पावणेदहालाच मी तिथे पोहोचले. तोच लॅपटॉप, तीच पेटी, तेच हेडफोन लॅपटॉपच्या त्याच भोकात. हेडफोनचा एक कान माइकच्या तोंडाला लावला आणि वरून टॉवेलने घट्ट बांधला. लेहरा सुरू केला, रेकॉर्डिंग सुरू केलं. खोलीत माणूस नाही, पखवाज नाही. लेहरा वाजणार आणि माइक तोच ऐकणार. दाराला कुलूप लावून किल्ली बाईंकडे दिली, ती त्यांनी कनवटीला खोचली.

"चाळीस मिनिटं झाली की मी तुज्याकडं बगीन," त्या म्हणाल्या.

सभागृहात भाषणं चालू झाली. विद्यालयाचे अध्यक्ष चनबसप्पा आप्पा पहिले उठले. बाईंच्या बोटांत जादू होती, म्हणाले. बाईंची लय म्हणजे घड्याळ होती, म्हणाले. मग खजिनदार उठले, मग एक जुने विद्यार्थी. होती, होती, होती. समोर धडधडीत बसलेल्या बाईला सगळ्यांनी मिळून भूतकाळात नेऊन बसवलं. मला इतका संताप आला होता की मी खुर्चीचा हात धरून बसले. बाई मात्र शांत होत्या. पदराखाली उजव्या हाताची बोटं चालू होती. बारा मात्रा, फेरा. बारा मात्रा, फेरा.

दुसरे एक विद्यार्थी आठवणी सांगत असताना बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर लावलेलं स्टॉपवॉच बघितलं. चाळीस मिनिटं आणि चार सेकंद झाले होते. भिंतीवर घड्याळ नव्हतं, बाईंच्या हातातही नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मला असं चारचौघांत रडायला मुळीच आवडत नाही.

आप्पा शालीचं ताट घेऊन पुढे आले, तशा बाई उठल्या.

"थांबा आप्पा. कार्डावर लिवलंय, सत्काराला उत्तर. उत्तर आदी देते, सत्कार मागनं."

लोक हसले. मी किल्ली घेऊन धावले, लॅपटॉप आणि पेटी आणून टेबलावर ठेवली, सभागृहाच्या स्पीकरला जोडली. डाव्या स्पीकरमध्ये मूळ लेहरा, उजव्यात आत्ता रेकॉर्ड केलेला. दोन्हींची पहिली सम जुळवली.

"हा लेहरा आत्ता शेजारच्या खोलीत वाजला," बाईंनी सांगितलं. "तितं मी नव्हते, मी तुमच्याम्होरं बसून माजी स्तुती ऐकत हुते. माइकनं त्यो एकट्यानं ऐकला. आता दोनी संगट ऐका. लेहऱ्यावर लेहरा."

सुरुवात वाजली. एकच हार्मोनियम, कुठे फट नाही. मी पुढे नेलं, दहावं मिनिट. सूर थोडे जाड वाटायला लागले. विसावं. समोरच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटचं मिनिट लावलं, तेव्हा सरळ दोन हार्मोनियम वाजत होत्या, एकीच्या मागे दुसरी धापा टाकत. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"सुबोध," बाईंनी हाक मारली. "ह्यात पखवाज ऐकू येतो का रं?"

सुबोध सर उभे राहिले. "नाही, बाई."

"माज्या धड्यात शेवटाला किती मागं हुतं?"

"अर्धा सेकंद."

"अन् हितं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "अर्धाच," ते म्हणाले.

"मग सुटलं कोण?"

आता माझी पाळी होती. मी टेबलावरच्या समितीच्या फाइलमधून माझं पत्र काढलं, पेन काढलं आणि माइकवर गेले.

"हे पत्र माझं आहे. न ऐकता लिहिलं. हेडफोन लॅपटॉपला लावा, असंही मीच सांगितलं होतं. यात दोन शब्द चुकलेत, ते दुरुस्त करते." आणि खोडून, लिहून, मोठ्याने वाचलं: "यंत्रात दोष आहे. वादकाची लय सुटलेली नाही." खाली पुन्हा सही केली. शिक्का मुद्दाम आणला होता, तोही दाबून मारला.

आप्पा अजून ताट धरून उभे होते. घसा साफ करत म्हणाले, "बाई, हे आपण समितीत शांतपणे बोलू. आता लोक जमलेत, वेळ झालीय. शाल तेवढी घ्या. मान राहू द्या."

"कुणाचा?" बाईंनी विचारलं.

बाईंनी ताटातली शाल उचलली. घडी मोडली, झटकली आणि लॅपटॉप आणि माझी पेटी, दोन्हींवर मिळून नीट पांघरली. कोपरे सारखे केले. एखाद्या थकलेल्या माणसाला झोपवावं तसं.

"ह्यांची लय सुटली आप्पा. सेवा केलीया बिचाऱ्यांनी. निरोप ह्यांना द्या."

आधी मागच्या बाजूला एकजण हसला, मग सगळं सभागृह. आप्पा हसले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. त्यांच्या ताटात आता एकटा नारळ उरला होता, वर फूल लावलेला. तो त्यांनी पटकन मागे घ्यायला बघितला.

"त्यो कुटं निघाला?" बाईंनी हात पुढे केला. "मला नारळ द्यायचा ठरलंय न्हवं? द्या की. ठरलेलं मोडू नका."

आप्पांनी दिला. दुसरं काय करणार? बाईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे का ते ऐकलं, आणि समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांकडे वळल्या.

"उद्या सकाळी आठाला चौतालाचा वर्ग हाय. वर्गाच्या आदी ह्यो फोडू. कणीक ज्येची त्येनं घरनं आणायची."